लाल लेबल, हिरवा लेझर

लेबल लाल झालेलं होतं, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो ते कशानं लाल झालं याचा.

गद्रे माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. त्यांनी जेवणाचा थर्मास उघडला. आत बर्फ होता आणि बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत सहा लहान काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर नखाएवढा एक गोल. कुंकवाच्या रंगाचा.

"कर्णिक मॅडम, हा गोल निळा होता. आता लाल आहे. म्हणजे माल तापला. एवढंच मला तुमच्या मशीनवरून लिहून हवंय."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये मी केमिस्ट होते. रमण स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन माझ्या ताब्यात होतं. आसपासच्या कारखान्यांतून रंग, रबर, प्लास्टिक असं काहीबाही तपासायला यायचं. बाटलीवरचं लाल लेबल पहिल्यांदाच आलं होतं.

गद्रे रंगांच्या कंपनीतली नोकरी सोडून डोंबिवली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात धंदा करत होते. त्यांनी एक शाई बनवली होती. छापली की निळी दिसायची. माल चाळीस डिग्रीच्या वर काही तास राहिला की ती लाल व्हायची आणि परत कधीच निळी व्हायची नाही. थंड ठेवायच्या औषधांसाठी याचा उपयोग उघड होता. फ्रिजमध्ये आत्ता किती टेंपरेचर आहे ते थर्मामीटर सांगतो. गेल्या आठवड्यात कोणी माल उन्हात विसरला होता का, ते तो सांगत नाही. लेबल सांगतं.

विठ्ठलवाडीला लालवानी नावाचे औषधांचे मोठे डिस्ट्रिब्युटर होते. त्यांनी ट्रायल म्हणून कुत्रा चावल्यावर देतात त्या लसीवर ही लेबलं लावून घेतली. दोन महिने सगळं निळं होतं. मग एका सकाळी वरच्या ट्रेमधल्या दोनशेच्या वर बाटल्या लाल दिसल्या.

"स्टोअरकीपर काय म्हणतो?" मी विचारलं.

"मढवी? तो म्हणतो फ्रिज बंद पडला नाही आणि माल बाहेर काढला नाही. लालवानी म्हणतात, यानं माल पत्र्याखाली काढून ठेवला, विसरला आणि मग गुपचूप परत लावला. अकरा वर्षं कामाला आहे, पण आता काढून टाकणार म्हणतात."

"आणि तो खरं बोलत असेल तर?"

"मॅडम, लेबल लाल झालंय!" गद्रे म्हणाले.

त्यांची अडचण मला कळत होती. लेबल बरोबर होतं असं ठरलं, तर लालवानी मोठी ऑर्डर देणार होते. लेबल उगाच लाल झालं असं ठरलं, तर ते कोणीच घेणार नव्हतं. दुसऱ्या बाजूला मढवींची नोकरी होती. पण माझ्या डोक्यात तिसरीच गोष्ट होती. ती लस खरंच तापून निकामी झालेली असली आणि मी दयेपोटी काही मऊ लिहिलं, तर ती कुत्रा चावलेल्या माणसाला टोचली जाणार होती. हा रोग एकदा झाला की माणूस वाचत नाही.

थोडं शाईबद्दल सांगायला हवं. तिच्यात कार्बनच्या लांबलचक साखळ्या असतात. एकामागे एक कार्बन, सरळ रेषेत, हजारोंनी. या कार्बनांना जोडणारे हात तीन तऱ्हांचे असतात: एकेरी, दुहेरी आणि तिहेरी. हे हात स्थिर नसतात, सतत थरथरतात. साखळी अगदी सरळ असेल तर इलेक्ट्रॉन तिच्यावरून लांबपर्यंत मोकळे फिरतात. त्यामुळे तिहेरी हात थोडा सैलावतो आणि जरा सावकाश थरथरतो. अशी साखळी डोळ्यांना निळी दिसते. तापवली की ती जागोजागी पिळवटते. इलेक्ट्रॉनचा रस्ता तुटतो, तिहेरी हात पुन्हा घट्ट होतो, त्याची थरथर वाढते आणि रंग लाल होतो.

ही थरथर मोजणं हेच माझ्या मशीनचं काम. नमुन्यावर लेझरचा प्रकाश सोडायचा. बहुतेक प्रकाश जसाच्या तसा परत येतो. अगदी थोडा त्या थरथरीला आपली थोडी ऊर्जा देऊन येतो, म्हणजे रंग किंचित बदलून येतो. तो बदल मोजला की थरथर कळते. कागदावर पेन फिरत जातं आणि जिथे थरथर असेल तिथे शिखर काढतं. आम्ही त्याला 'पीक' म्हणायचो. निळ्या साखळीचं पीक दोन हजार ऐंशीच्या आसपास येतं, लाल साखळीचं दोन हजार एकशेवीसच्या. एककाची भानगड इथे सोडून देते. चाळीसचा फरक आहे एवढं पुरे.

तो गुरुवार होता. शुक्रवारी सणाची सुट्टी, त्यामुळे गद्र्यांना निकाल लगेच हवा होता. मी हिरवा लेझर लावला, कारण तो नेहमी लावलेलाच असायचा. लाल लेबल ठेवलं. पेन सरकत सरकत दोन हजारांच्या पुढे गेलं आणि बरोबर एकशेवीसला वर चढलं.

गद्रे माझ्या खांद्यावरून बघत होते. "लाल?"

"लालच. साखळी पिळवटलेली आहे."

"म्हणजे तापलं."

"हो, तापल्यावरच असं होतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याच टेबलावरचा फोन उचलला आणि लालवानींना लावला.

शनिवारी मी रिपोर्ट टाइपला द्यायला बसले. आमच्या फॉर्मवर एक ओळ असायची, 'तुलनेसाठी वापरलेला नमुना'. गद्र्यांनी न वापरलेल्या निळ्या लेबलांची एक पट्टी दिली होती. घाईत मी ती मशीनवर लावलीच नव्हती. ओळ रिकामी सोडणं बरं दिसेना, म्हणून पट्टी लावली.

पीक आलं दोन हजार एकशेवीसला.

मला वाटलं चुकून लाल लेबलच लावलं. झाकण उघडलं. लेबल निळंच होतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. निळ्या गोलाच्या मधोमध, सुईनं टोचल्यासारखा, एक लाल ठिपका होता.

तो ठिपका माझ्या लेझरनं पाडला होता. हिरवा प्रकाश शाईनं शोषला, तेवढी जागा तापली आणि लाल झाली. मी जे मोजत होते ते मीच तयार करत होते. म्हणजे त्या मशीनवर मी यातलं कुठलंही लेबल ठेवलं असतं, तरी ते लालच निघालं असतं.

मी बोरकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आमचे लॅब मॅनेजर. आवाज चढवत नसत, पण त्यांचे प्रश्न चुकवता येत नसत.

"पण ते लेबल आधीच लाल होतं ना? डोळ्यांना दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय साहेब. पण मग मशीननं नवीन काय सांगितलं? काहीच नाही."

"तू गद्र्यांना काय सांगितलंस?"

"तापल्यावरच असं होतं."

"हे मशीननं सांगितलं?"

"नाही. मशीननं साखळी पिळवटली एवढंच सांगितलं असतं. तापली हे मीच म्हटलं."

"कर एक फोन. आत्ता, माझ्यासमोर."

गद्रे फोनवर चिडलेच. "अहो, काय हे! लालवानींना मी सांगून बसलोय. त्यांनी काल मढवीला घरी पाठवलं. हिशोब सोमवारी म्हणाले."

"त्यांना सांगा, निकाल मागे घेतलाय. माझं नाव सांगा."

"आणि मग? लेबल कशानं लाल झालं म्हणून सांगू?"

"माहीत नाही म्हणून सांगा."

त्यांनी फोन ठेवला. रविवार वाईट गेला. डोंबिवलीच्या घरी मी दोनदा आमटी खारट केली आणि यजमानांनी दोन्ही वेळा तशीच खाल्ली.

सोमवारी हिरवा लेझर बंद ठेवून लाल प्रकाशाचा लहान लेझर लावला. त्याचा जोर खूप कमी. शिवाय नमुना एका जागी तापू नये म्हणून तो गोल फिरवायचा ठरवला. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर होती, तिच्यावर ॲल्युमिनियमची चकती बसवली. आधी निळी पट्टी फिरवली. पीक दोन हजार ऐंशीला आलं, ठिपका पडला नाही. आता कुठे मशीनवर विश्वास ठेवण्यासारखी परिस्थिती झाली.

चकतीवर बसवण्यासाठी एका बाटलीचं लाल लेबल सोडवून घ्यावं लागलं. शाई एका पारदर्शक फिल्मवर छापलेली होती आणि ती फिल्म बाटलीच्या कागदी लेबलवर चिकटवलेली. ओल्या कापसानं मागचा कागद काढला, फिल्म उलटी केली आणि उजेडात धरली.

समोरून कुंकवासारखं लाल असलेलं लेबल मागून जांभळं होतं.

मी ते फिरवायला लावलं. समोरून मोजलं, तर एकशेवीसचं पीक होतंच, पण शेजारी ऐंशीला एक बुटकं पीक होतं. उलटं करून मोजलं, तर ऐंशीचं पीक उंच आणि एकशेवीसचं खुजं. म्हणजे शाईच्या वरच्या थरातल्या साखळ्या पिळवटल्या होत्या आणि खालच्या थरातल्या सरळ होत्या. उरलेल्या पाच बाटल्यांचंही तेच.

मग निळ्या पट्टीतलं एक लेबल पंचेचाळीस डिग्रीच्या पाण्यात बाटलीला चिकटवून चार तास ठेवलं. ते लाल झालं. समोरून लाल, मागून लाल. ऐंशीचं पीक दोन्हीकडून गायब. हे अपेक्षितच होतं. शाईचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ. तासन् तास तापलं तर उष्णता वरच थांबून राहील कशी?

गद्र्यांना बोलावून दोन्ही कागद शेजारी ठेवले. ते मुळात चांगले केमिस्ट. दोन्हींवरची पिकं बोटानं जुळवून पाहिली.

"म्हणजे काहीतरी वरून आत शिरतंय," ते शेवटी म्हणाले. "सॉल्व्हंट. सॉल्व्हंट लागलं तर माझी शाई लाल होते. थेंब टाकून बघितलंय मी."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"बाटलीवर सॉल्व्हंट कोण कशाला टाकेल? आणि फ्रिजमध्ये कुठून येणार?"

तेच बघायला आम्ही त्यांच्या स्कूटरवरून विठ्ठलवाडीला गेलो. लालवानींच्या गोडाऊनमधला फ्रिज मोठा, स्वच्छ, जाळीच्या ट्रेचा. मी आत डोकं घालून वास घेतला. कसलाच वास नाही. वरच्या ट्रेमधल्या सुट्ट्या बाटल्या लाल होत्या. खालच्या, बंद खोक्यांतल्या बाटल्या निळ्या होत्या. दाराला लावलेल्या वहीत सकाळ-संध्याकाळचं टेंपरेचर एकाच वळणदार अक्षरात लिहिलेलं.

"देखो मॅडम, रोज चार, पाच, चार, पाच," लालवानी म्हणाले. "घरी बसून लिहिल्यासारखं वाटतं की नाही?"

"चांगला फ्रिज असेल तर असंच येतं," मी म्हणाले. "मढवी कुठे राहतात?"

मढवींचं घर शीळफाट्याजवळच्या गावात होतं. जुनं आगरी कुटुंब, पुढे भाताचं शेत. पन्नाशीचा, सडपातळ माणूस अंगणात बसून कुंपणाच्या काठ्या बांधत होता. आम्हाला पाहून उठला नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि तीही दारातच उभी राहिली.

"तुम्हीच ना त्या मशीनवाल्या?" मढवी म्हणाले.

"हो."

"मशीन बोललं, मढवीनं माल तापवला?"

"मशीन नाही बोललं. मी बोलले, आणि चुकीचं बोलले. ते सांगायलाच आलेय."

हातातली सुतळी त्यांनी खाली ठेवली. "मग आता काय?"

"लेबलं लाल झाली त्याच्या आधी, दोन-चार दिवसांत, फ्रिजमध्ये वेगळं काही झालं होतं?"

"कायच नाय."

"कोणी रंग मारला? औषध फवारलं?"

"नाय."

"साफसफाई?"

"ती तर मी दर महिन्याला करतो. सोड्याच्या पाण्यानं." ते थांबले. "या टायमाला सोड्यानं भागलं नाय. ट्रेवर चिकटपट्ट्या लावलेल्या, त्यांचा चिकटा राहिलेला. हाताला लागायचा. बाजूच्या गॅरेजवाल्याकडून वाटीभर थिनर आणला आन् फडक्यानं पुसलं."

गद्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "माल बाहेर काढून?"

आता मात्र ते चिडले. "बाहेर कसा काढीन, मॅडम? बाहेर पत्रा तापलेला! माल गरम नको व्हायला म्हणून एकेक ट्रे आतल्या आत पुसला आन् लगेच दार लावलं. पाच मिनटंपन उघडं ठेवलं नाय."

दार लगेच लावल्यामुळे थिनरची सगळी वाफ आत कोंडली. सुट्ट्या बाटल्यांना ती रात्रभर मिळाली, खोक्यांतल्या बाटल्या वाचल्या. माल थंड राहावा म्हणून केलेल्या काळजीनंच लेबलं लाल झाली होती.

"मढवी, हे तुम्ही शेठना का नाही सांगितलं?" गद्र्यांनी विचारलं.

"त्यांनी इचारलं, फ्रिज बंद केलास का? नाय. माल बाहेर ठेवलास का? नाय. थिनरचं कोन इचारलं?"

मी त्यांना सांगितलं की फ्रिजमध्ये थिनर वापरणं धोक्याचं असतं, एखादी ठिणगी उडाली तर भडका होईल. त्यांनी मान डोलावली. ते पटलं असावं. बाकी मी जे काही बोलले त्यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि मला त्यात नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये झाकणाच्या बरणीत थिनरचा बोळा ठेवला, त्याला टेकणार नाही असं निळं लेबल टांगलं आणि बरणी बर्फात ठेवली. संध्याकाळपर्यंत लेबल समोरून लाल झालं होतं. मागून जांभळं. पेननं दोन पिकं काढली, लहानमोठी, ट्रेमधल्या लेबलांसारखीच.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की लेबलं सॉल्व्हंटच्या वाफेनं लाल झाल्याची लक्षणं आहेत आणि माल चाळीस डिग्रीच्या वर गेल्याचा पुरावा नाही. लालवानींनी फोनवर विचारलं, "तो मॅडम, माल चांगला है ना? विकू?"

"ते माझं मशीन सांगू शकत नाही. लस बनवणाऱ्या कंपनीलाच विचारा."

त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी विचारलं. कंपनीनं बाटल्या तपासल्या. लसीचा जोर शाबूत होता. तरीही थिनरची वाफ लागलेल्या सुट्ट्या बाटल्या त्यांनी बाजारात जाऊ दिल्या नाहीत, नष्ट केल्या. खोक्यांतला माल सुटला. गद्र्यांची ऑर्डर गेली. पुढे त्यांनी शाईवर दुसरी पारदर्शक फिल्म चढवून नवीन लेबल केलं, पण लालवानींनी ते बघायलाही नकार दिला.

मढवींना लालवानींनी परत बोलावलं. ते गेले नाहीत. त्याऐवजी आठवड्याभरानं, इस्त्रीचा शर्ट घालून, ते आमच्या लॅबमध्ये आले.

"मला बघायचंय," ते म्हणाले.

मी दोन्ही कागद काढून दाखवायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं. "कागद नको. मागच्या टायमाला पन कागदच होता. यो मशीन खरं बोलतंय, ते कशावरनं?"

असा प्रश्न मला आजवर एकाही क्लायंटनं विचारला नव्हता. मी त्यांना स्टूल दिलं. आधी निळं लेबल लावलं. पीक कुठे येईल ते पेन्सिलीनं खूण करून ठेवलं. पेन खुणेवर चढलं. मग त्यांना विचारून, त्यांनीच निवडलेलं लेबल गरम पाण्यात टाकलं. तेवढ्या वेळात आमचा चहा झाला, त्यांनी मला फ्रिजच्या दाराचं रबर कसं तपासायचं ते सांगितलं: मध्ये कागद धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. मला ते माहीत नव्हतं. चार तासांनी तापलेलं लेबल लावलं. मग हिरवा लेझर चालू करून निळ्या लेबलवर लाल ठिपकासुद्धा पाडून दाखवला.

"ही तुमची चूक," ते म्हणाले.

"ही माझी चूक."

शेवटी ट्रेमधलं लेबल लावलं, उलटं. पेन आधी ऐंशीला वर चढलं, खूप वर, मग उतरून एकशेवीसला जरा उठलं. मढवींनी उंच पिकावर बोट ठेवलं.

"यो काय?"

"ह्या न तापलेल्या साखळ्या. त्या हलतात तेव्हा ही रेघ येते. माल तापला असता तर ही आली नसती."

त्यांनी बोट त्या रेघेवरून खाली आणलं. मग म्हणाले, "दिसतात का त्या? साखळ्या?"

"नाही. कोणालाच दिसत नाहीत. हलतात एवढंच कळतं."

"हां," ते म्हणाले, आणि कागदाची एक प्रत मागून घेतली. सोमवारी ते कामावर गेले. लालवानींच्या मुनिमानं नंतर सांगितलं की त्यांनी तो कागद शेठच्या टेबलावर ठेवला आणि फ्रिजच्या किल्ल्या उचलल्या.

त्यानंतर मी वीस वर्षं त्या कामात होते. मशीननं सांगितलेलं आणि माझ्या डोक्यातून आलेलं, या दोन गोष्टी रिपोर्टमध्ये वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहायची सवय मला तेव्हा लागली. बोलताना परिच्छेद पाडता येत नाहीत, म्हणून तोंडी निकाल सांगणं बंद केलं. क्लायंट कुरकुरायचे. मी त्यांना लेखी रिपोर्टची वाट बघायला सांगायची.